पन्नास तासांची वही

परीक्षकाने वही उघडली, तेव्हा रोज चाळीस माणसांना तोंड उघडायला लावणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना स्वतःचं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

वही साधीच होती. अठराच्या आतल्या मुलांना गाडीचा परवाना हवा असेल, तर लेखी परीक्षा, डोळ्यांची तपासणी आणि पन्नास तासांचा सराव एवढं सगळं पार पाडावं लागे. सरावाला शेजारच्या सीटवर आई किंवा बाप हवा. प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, रस्ता आणि हवा लिहायची, आणि खाली त्या आईची किंवा बापाची सही. परवाना देणाऱ्या खात्याचा आईबापांवर इतका विश्वास होता.

या वहीत पन्नास तास बरोबर भरत होते. पैकी अकरा तास डॉक्टर लेकीच्या शेजारी बसले होते. उरलेल्या एकोणचाळीस तासांत बसली होती ती फक्त त्यांची सही.

दोष सवयीचा. दवाखान्यात रुग्णांच्या वेळा आठवडाभर आधी लिहून ठेवायच्या, ही त्यांची वीस वर्षांची शिस्त. तीच त्यांनी घरी आणली. दर रविवारी जेवणाच्या टेबलाशी बसून ते पुढच्या आठवड्याच्या फेऱ्या लिहून टाकत. मंगळवार, पाच ते साडेसहा, पुलावरून जुन्या गिरणीपर्यंत. हात लागलाच आहे म्हणून सहीसुद्धा. मग मंगळवारी पाचला नेमकी कुणाची तरी दाढ ठणके, आणि डॉक्टर दवाखान्यातून फोन करून लेकीला सांगत, उद्या नक्की. दिवसभर ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणणाऱ्या माणसाला ‘उद्या नक्की’ म्हणायला असं कितीसं जड जाणार? सतराव्या वर्षीही घरात छकुलीच राहिलेली ती मुलगी नुसतं ‘बरं’ म्हणे. बायको हॉस्पिटलात नर्स, ती आठशिवाय घरी येत नसे. वहीतली ओळ खोडावी, असं डॉक्टरांना दर वेळी वाटे. पण सरकारी वहीत खाडाखोड बरी दिसत नाही.

हवेचा रकाना मात्र आधी भरता येत नव्हता. तो ते कोरा ठेवत. एका रविवारी पाहतात तर रकाना भरलेला. छकुलीचं अक्षर. ‘रिमझिम.’ ‘डोळ्यांवर ऊन.’ ‘वारा फार, पुलावर गाडी हलते.’

डॉक्टर मनाशी म्हणाले, लेकीला गाडी शिकवायची राहून गेली आणि आपण तिला थापा मारायला शिकवलं. त्यांनी तिला विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी निमूटपणे पुढच्या ओळी लिहिल्या. त्या महिन्यांत पेट्रोलही भराभर संपे. जुनी गाडी पिते फार, यावर नवराबायकोचं एकमत झालं. त्यांच्या घरात अशी एकमतं क्वचित होत.

“गिरणीच्या चढावर गाडी बंद पडली, असं लिहिलंय,” परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाला. “मग काय केलंस?”

“हँडब्रेक ओढला,” छकुली म्हणाली. “मागे ट्रक होता. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, ताई, घाई करू नका, मला जेवायला तीन तास आहेत.”

परीक्षक हसला. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ट्रकसुद्धा? वर ड्रायव्हरचे संवाद? पापणी न हलवता पोरगी सांगत होती. एवढी सफाई त्यांना स्वतःला दाढ काढतानाही कधी जमली नव्हती.

दोघं परीक्षेच्या गाडीत बसून निघून गेली आणि डॉक्टर बाकावर एकटे उरले. शेजारी एक बाई आपल्या मुलाला पास कर म्हणून पुटपुटत देवाची विनवणी करत होत्या. डॉक्टरांना कसली विनवणी करावी तेच सुचेना. ती नापास झाली तर दोष त्यांचा. पास झाली तर अकरा तास गाडी चालवलेली मुलगी उद्यापासून रस्त्यावर, समोरून येणारे ट्रक खरे, आणि तेव्हाही दोष त्यांचाच. ती परत आली की परीक्षकाला सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.

गाडी आली. दोन गाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत एका दमात उलटी शिरून उभी राहिली. परीक्षक उतरला आणि थेट डॉक्टरांकडे आला.

“इथे येणाऱ्या वह्या मी वाचतो,” तो म्हणाला. “निम्म्या थापा असतात, हो. बापाने शेजारी बसून शिकवलेली पोर लगेच कळते. तुम्ही वेळ दिलात तिला.”

आणि त्याने डॉक्टरांचा हात हातात घेऊन दाबला. जुळवलेलं वाक्य जुळवलेलंच राहिलं.

घरी जाताना परवाना खिशात घालून छकुलीच गाडी चालवत होती. डॉक्टर शेजारी पट्टा आवळून बसले होते. दोन चौक गेले. तिसऱ्या चौकात त्यांना राहवेना.

“छकुली, मी आत्ता मागे जाऊन त्यांना खरं सांगतो. परवाना गेला तर जाऊ दे. पुन्हा पहिल्यापासून करू, मी रोज येईन. त्या वहीतले एकोणचाळीस तास झालेलेच नाहीत. बाप म्हणून मला लाज वाटते.”

तिने आरशात पाहिलं, सिग्नल दिला आणि एका सायकलवाल्याला सांभाळून गाडी हळूच डावीकडे वळवली.

“झालेत की, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही रविवारी लिहून ठेवायचात, मी त्या त्या वेळेला एकटीच जाऊन यायचे. तुमची सही खोटी पडू नये म्हणून.”