आधी रिकामी फिरवा

कमरेखालचं सगळं कुणीतरी अलगद उचलून शेजारच्या खोलीत ठेवून दिलं होतं. पाठीत सुई टोचल्यावर पाय आधी कोमट झाले, मग जड झाले, मग नाहीसेच झाले. सलाईनमधून आणखी काहीतरी गुंगीचं येत होतं आणि ऑपरेशनच्या टेबलावर उताणा पडलेला लिफ्टवाला जाग आणि झोप यांच्या मधल्या मजल्यावर अडकला होता. वीस वर्षं त्यानं लोकांना असं अडकलेलं बाहेर काढलं. आज त्याची पाळी!

समोरच्या पडद्यावर त्याचाच गुडघा आतून दिसत होता. सगळं पांढरं, ओलं, आणि मधे काही धागे पाण्यात सोडल्यासारखे संथ हलत होते.

"ते लोंबतंय ना, तो तुमचा तुटलेला दोर," हिरव्या कापडापलीकडून सर्जनबाई म्हणाल्या. "म्हणून गुडघा दगा देत होता. आता तुमच्याच मांडीची शीर चौपदरी करून तिथे ओवायची."

"चौपदरी? हे बरं केलंत," तो जड जिभेनं म्हणाला. "आम्हीसुद्धा एका दोरावर लिफ्ट टांगत नाही."

कुणीतरी खुदकन हसलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शहरभर लिफ्टा बसवणारा हा माणूस स्वतः राहायचा बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी आईचा दंड धरून तिला जिना उतरवायचं आणि खालच्या बाकावर उन्हात बसवायचं, हा त्याचा नेम. एका सकाळी गुडघा आतल्या आत सटकला. तो घसरला आणि त्याच्याबरोबर म्हातारीही. तिचं मनगट मोडलं. मनगट महिन्याभरात जुळलं, पण आई पुन्हा खाली उतरली नाही.

"मला हल्ली ऊन नकोसंच वाटतं रे," म्हणायची. जन्मभर उन्हाच्या तुकड्यामागे खुर्ची सरकवत घरभर फिरलेली बाई! खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं माणसानं. आईला आपला हात धरायची भीती वाटते, हे त्याला कळत होतं आणि ते गुडघ्याहून जास्त दुखत होतं.

हाडात भोक पाडणारं यंत्र घरघरू लागलं. आवाज ओळखीचा होता. त्या आवाजावरच त्याचा डोळा लागला.

भोकातून वर बघितलं तर ती लिफ्टची विहीर होती. खूप उंच, पांढरी. नवा दोर सरसर वर जात होता. तिसऱ्या मजल्यावर दार उघडं, आणि दारात आई, स्वेटर घालून, अनवाणी. खाली त्याच्या घोट्यापर्यंत ऊन साचलं होतं. तो हलला की उन्हावर लाटा उठत होत्या.

"आई, ये ना खाली. बघ, किती आहे!"

"दोर नवा आहे का रे?"

"अगदी नवाकोरा."

"मग नको बाई," म्हणाली आणि दार मिटायला लागलं.

तो दचकून जागा झाला. पडद्यावर नवी शीर ताठ बसली होती. खालच्या टोकाशी स्क्रू आला होता.

"थांबा!" तो ओरडला. "आवळू नका! आधी रिकामी फिरवा!"

बाईंचा हात स्क्रूवरच थांबला.

"नवा दोर ताणला जातो हो," तो काकुळतीनं म्हणाला. "वीस वेळा वर-खाली रिकामी फिरवायची. ढील निघाली की मग आवळायचं. मग वाळूची पोती घालून बघायचं. मग मिस्त्रीनं स्वतः बसायचं. माणसं सगळ्यात शेवटी."

"अहो, तेच करायला निघालेय," सर्जनबाई म्हणाल्या. "मला माझ्या सरांनी शिकवलं. तुम्हाला कुणी?"

"म्हाताऱ्या मिस्त्रीनं. कानाखाली वाजवून."

आता मात्र सगळे मोकळे हसले. बाईंनी त्याचा पाय धरला आणि गुडघा वाकवायला, सरळ करायला लागल्या. त्याला काही जाणवत नव्हतं. पाय परक्याचा असावा तसा वर जाई, खाली येई. तो मोठ्यानं मोजत होता.

"एकोणीस... वीस. आता आवळा."

"आवळते. पण पोती नऊ महिन्यांनी. तोवर कुणाचा भार घ्यायचा नाही."

"नऊ महिने?" तो पुटपुटला. आईचं वय आठवलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुपारी वॉर्डात पाय हळूहळू शेजारच्या खोलीतून परत येत होते. बायकोनं फोन त्याच्या कानाला लावला.

"आईंचा आहे. चौथ्यांदा करतायत."

"झालं का रे?" आईनं विचारलं.

"झालं."

"रिकामी फिरवली?"

रोज जेवताना ऐकून ऐकून तिला सगळं पाठ होतं.

"वीस वेळा. मी स्वतः मोजली."

"आणि पोती?"

"पोती नऊ महिन्यांनी, आई. डॉक्टर म्हणाल्या, घाई केली तर सगळं मुसळ केरात."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"वाळूची कशाला आणतोस उगाच?" आई म्हणाली. "मी आहे की. छत्तीस किलोची."

त्यानं बायकोच्या हातातून फोन स्वतःकडे घेतला.

"तुला तर ऊन नकोसं वाटतं ना?"

"गप रे. आणि सूनबाईला विचार, माझ्या बाहेरच्या चपला कुठे ठेवल्यात? पुसून ठेवते."