लग्नाआधी चार तास

मर्व्ह टलक खुर्चीवर बसला, पण टोपी काढेना. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या भर बाजारातलं औषधांचं दुकान, आणि ही खुर्ची नेमकी काचेजवळ. तीन वाजता त्याच्या लेकीचं, टॅम्सिनचं लग्न होतं. तिनंच भावाला, एलिसला, फोन करून बापाच्या मेकअपची वेळ ठरवली होती.

"टोपी काढावी लागेल," एलिस म्हणाला. "तुम्हाला घाई आहे ना?"

तुम्हाला. पोटचा पोरगा, पण गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलत होता. चार वर्षांपूर्वी एलिसनं इथल्या मेकअपच्या काउंटरवर नोकरी धरली, तेव्हा मर्व्ह सगळ्यांदेखत म्हणाला होता, "मला एकच पोरगी आहे, दोन नाहीत." त्या रात्रीपासून पोरगा घरी आला नव्हता.

मर्व्हनं टोपी काढली. नाकावरचा कॅन्सर कापून डॉक्टरांनी तिथं मानेची कातडी शिवली होती. उन्हानं रापलेल्या तोंडावर तो तुकडा पांढरा, चकचकीत दिसत होता.

एलिसनं तो अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिला. "दुखतं?"

"नाही. फक्त फोटोत दिसू नये. आणि रंगवल्यासारखंही वाटू नये."

"मग आधी फाउंडेशन, अगदी पातळ. निम्मं त्यातच झाकलं जातं. डाग लपवणारा कन्सीलर त्याच्यावर, हवा तेवढ्याच जागी. आधी लावला तर फाउंडेशन पसरताना तो पुसला जातो. मग लोक थरावर थर चढवतात, आणि तोंड लिंपल्यासारखं दिसतं."

फाउंडेशन लावून त्यानं बोटाच्या टोकावर कन्सीलरचा ठिपका घेतला आणि न घासता थोपटत, थोपटत कडेपर्यंत नेला. बोटाची ऊब लागली की तो कातडीत मुरतो, म्हणाला. मर्व्ह साखर कारखान्यातला जुना फिटर. काम जाणणारा हात त्याला कळायचा. हे त्याला बोलूनही दाखवायचं होतं.

तेवढ्यात दार उघडलं. नेव्ह आत आला. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात लागलेला, मर्व्हच्याच पाळीतला.

"मर्व्ह? अरे, नवरी तू आहेस की तुझी लेक?"

"गप रे. जखमेला मलम लावून घेतोय. डॉक्टरनं सांगितलंय."

नेव्ह जवळ आला. एलिसकडे बघत राहिला. "हा पोरगा ओळखीचा वाटतो. तुझ्या नात्यातला का?"

"छे," मर्व्ह म्हणाला. "दुकानातला आहे कुणीतरी."

एलिसनं कन्सीलरची बाटली उचलली आणि वरचं नाव तळहाताकडे फिरवून धरली.

"मलम ओलं आहे अजून," तो मर्व्हला म्हणाला. "सुकेपर्यंत हात लावू नका. उन्हात जायचं नाही."

"बघ, पोराचं ऐक," नेव्ह म्हणाला. आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या आणि हात हलवून गेला. दार बंद झालं.

मर्व्हला आरशात बघवेना. मांडीवरची टोपी त्यानं दोन्ही हातांनी चुरगाळली.

"मी सांगायला हवं होतं त्याला," तो म्हणाला.

 एलिसनं पुन्हा बोटावर ठिपका घेतला, बापाचं तोंड उजेडाकडे वळवलं, आणि हात तिथंच थांबला. त्यानं बोट कागदाला पुसलं.

"काय झालं?"

"कान, मान, गाल, सगळं लाल झालंय. या रंगाला जुळवून लावलं, तर तीन वाजता भलतंच दिसेल." त्यानं बाजूचं स्टूल ओढलं आणि बापासमोर बसला. "थांबू आपण. तुझा रंग परत येऊ दे, डॅड."