सहावा निबंध

प्रतापची मुलगी आन्या वकिलीच्या बार परीक्षेत चार गुणांनी नापास झाली. परीक्षेआधी दोनच महिने तिची आई गेली होती. फेब्रुवारीत पुन्हा बसायचं, म्हणून दोघं अमेरिकेतल्या त्यांच्या कॅरी गावच्या लायब्ररीत निकाल उघडून बसले. पाच निबंध ठीक होते, सहाव्याला शून्य. त्याने तो प्रश्न शोधून वाचला. बायको व्हेंटिलेटरवर आहे, तिने काही लिहून ठेवलेलं नाही. मशीन बंद करायच्या कागदावर नवरा सही करतो, मुलगी नको म्हणते. अधिकार कोणाचा?

"हे येत नव्हतं तुला?"

"येत होतं, बाबा. नवऱ्याचा. इट्स द ईझिएस्ट वन."

"मग कोरं का सोडलंस?"

आन्याने लॅपटॉप मिटला.

"लिहिलं असतं तर तू बरोबर ठरला असतास."