कोटा की शहाबादी

भूकंपाचे धक्के सुरू झाल्यापासून संतराम आणि आशाबाई हे नवराबायको परसातल्या पत्र्याच्या शेडमध्येच निजत होते. खालची जमीन ओबडधोबड, म्हणून संतरामने फरशी बसवायला मिस्त्री बोलावला.

"कोटा की शहाबादी?" मिस्त्रीने विचारले.

"कोणतीच न्हाई," आशाबाई म्हणाली. "फरशी बसली की हेच घर झालं. मग तुमी कशाचे परत आत येता!"

"मी? अगं, तू भितीस म्हणून इथं निजून राहिलो मी."

"घ्या! अन् मी समजून राहिले, भितात ते तुमीच."

कितीतरी दिवसांनी दोघे हसले. मिस्त्रीला थांबायला सांगून त्यांनी गाद्या उचलल्या आणि ते घराच्या पायऱ्या चढले. दगडी भिंतीतून उतरत आलेली भेग चौकटीपाशी संपली होती. जणू आत शिरावे की नाही, हे तिलाही ठरवता आले नव्हते.

"हो पुढं," संतराम म्हणाला.

"तुमीच व्हा की."

उंबरा कुणीच ओलांडला नाही. गाद्या छातीशी धरून दोघे तसेच उभे राहिले. मग आशाबाई हळूच मागे वळली.

"मिस्त्री, शहाबादी हिवाळ्यात लई गार पडती का हो?"