अडतीस अंश, छप्पन्न मिनिटं

कोन बारकाईनं मोजायच्या व्हर्नियरच्या पट्टीवर तीस रेघा असतात. त्यांतली एकच मुख्य पट्टीवरच्या रेघेशी तंतोतंत जुळते, आणि ती कितवी हे भिंगातून पाहून लिहायचं असतं. उत्कर्षानं भिंग धरलं, नजर रोखली, आणि जिथं रोखली तिथल्याच रेघा पुसल्यासारख्या नाहीशा झाल्या. नजर थोडी डावीकडे सरकवली की त्या परत यायच्या, पण एकमेकींत मिसळून.

तिनं भिंग खाली ठेवलं आणि आकडेमोड सुरू केली.

दुसऱ्या वर्षाची फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा आणि प्रिझममधून वळून आलेली पिवळी रेघ. ती रेघ तिला दुर्बिणीत कडेकडेनं दिसायची; तेवढ्यावर दुर्बीण लावता यायची. दुर्बीण किती अंशांवर थांबली ते मात्र वर्षभर तनुजा वाचायची. “तू वाच, मी गणित करते,” अशी दोघींची वाटणी होती. हिला वाचायचा कंटाळा आहे, असं तनुजाला वाटायचं. परीक्षेत जोडीदार नसतो.

तेव्हा उत्कर्षानं गणित उलटं केलं. या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वळवते तो आकडा, १.५२; वर्षभर याच प्रिझमवर तोच आला होता. त्यावरून कोन निघतो अडतीस अंश, छप्पन्न मिनिटं. पट्टी वाचायच्या दोन खिडक्या असतात; एकीसाठी तिनं पंचावन्न मिनिटं लिहिली, दुसरीसाठी सत्तावन्न. माणसाच्या हातून होईल एवढी चूक तिनं मोजून घातली. आज पिवळी रेघ सापडायला दुर्बीण नेहमीपेक्षा बरीच लांब फिरवावी लागली होती. टेबल सरकलं असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक तिच्या कागदापाशी थांबले. वाचून त्यांनी मान डोलावली. मग वाकून भिंगातून पाहिलं आणि वाकलेलेच राहिले.

“आपण दुर्बिणीत पाहिलंत की पंचांगात?”

उत्कर्षानं पेनाचं टोपण लावलं.

“दुर्बीण वळलीय अठ्ठेचाळीस अंश. इथं लिहिलेत अडतीस. अहो हेमा मॅडम, तुमच्या कॉलेजात प्रकाश जरा कमी वळतो का?”

दुसऱ्या टेबलाशी असलेल्या हेमा मॅडम घाईनं आल्या. या वर्गाला प्रकाशशास्त्र त्याच शिकवत. दारातून प्रयोगशाळेतले दत्तोबामामा म्हणाले, “सर, जुना प्रिझम सोमवारी पडला हातातून. टवका उडाला. हा नवा आहे, जड काचेचा, जास्त वळवतो.”

“म्हणजे प्रिझम बदलला, पण बाईंचे आकडे काही ढळले नाहीत,” परीक्षक म्हणाले. “वाच आता. माझ्यासमोर.”

उत्कर्षा वाकली. अठ्ठेचाळीस तर त्यांनीच सांगितले होते. उरलेली मिनिटं अंदाजानं सांगितली, तर बरोबर येण्याची शक्यता तिसात एक. तिनं नजर डावीकडे नेली, उजवीकडे नेली.

“सर, घाबरलीय ती,” हेमा मॅडम म्हणाल्या. “वर्गात पहिली आहे.”

“पहिलीच असणार. शेवटच्याला उलटं गणित जमत नाही.” त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. आवाज जरा खाली आला. “हे बघ, सगळेच करतात. आकडे घरून आणले असं कबूल कर. दहा मार्क कापतो. पास होशील, विषय इथंच संपेल.”

एक ‘हो’ म्हटलं की संपणार होतं. कॉपी करणारी मुलगी म्हणून ती बाहेर पडली असती, आणि घरी कोणाला काही कळलं नसतं.

सूरजदादाचंही असंच सुरू झालं होतं. आता तो कर्वेनगरच्या घरात खिडकीकडे पाठ करून बसतो आणि त्याच्या फोनवर आलेलं आई त्याला वाचून दाखवते. शेजारच्या सुशीलाबाईंना आई सांगते, “पोराचे गेले, पण पोरीचे डोळे लख्ख आहेत. तेवढं तरी देवानं ठेवलं.” गणपती झाले की सांगू, दिवाळी झाली की सांगू, सेमिस्टर संपली की सांगू, असं उत्कर्षाचं वर्ष गेलं होतं.

ती कागदाकडे पाहत राहिली. दहा मार्कांचं तिला फारसं वाटत नव्हतं. दुर्बीण लांब गेली हे हाताला कळलं होतं. आणि हाताला कळलेलं खोडून तिनं पाठ असलेला आकडा लिहिला होता.

“हं?” परीक्षक म्हणाले. “घरून आणले ना?”

“नाही सर. इथंच काढले.” तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून सरळ निघाला. “मला रेघा दिसत नाहीत. बघते तिथंच दिसत नाही. वर्ष झालं.”

परीक्षकांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. सोडियमच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे होते.

“अगं, मग चष्मा…” हेमा मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. “घरी माहीत आहे?”

“नाही.”

दत्तोबामामांनी न सांगता खोलीतला मोठा दिवा लावला. उत्कर्षानं डोळे बारीक केले नाहीत. मॅडमच्या चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं, म्हणून ती त्यांच्या खांद्याकडे पाहून बोलली.

“मॅडम, माझ्या आईला फोन करता? तिला इथं बोलवून घ्या. आणि येताना दादाची डोळ्यांची फाइल घेऊन ये म्हणावं.”