बिननावाची लेक

चौऱ्याऐंशी वर्षांची ओर्फा केंटकीतल्या एका टेकडीवरच्या दफनभूमीत पणजीला दोन शब्द सुनवायलाच आली होती. पणजी केझायाने आपल्या धाकट्या लेकीचं, म्हणजे ओर्फाच्या आजीचं, नावसुद्धा ठेवलं नव्हतं. ओर्फाच्या लेकीने, व्हेल्माने, जुने कागद दोन वर्षं उपसले, तर जनगणनेतही नुसतं 'मुलगी'. गाव तिला 'सिस', म्हणजे नुसतं 'बहीण', म्हणत राहिलं आणि थडग्यावरही तेच कोरून मोकळं झालं.

"त्या घरात घोड्याला नाव होतं, कुत्र्याला होतं," ओर्फाने काठी आपटली. "पोटच्या पोरीला तेवढं नाही."

"मेलेल्या बाईशी भांडायला तीनशे मैल गाडी हाकायला लावलीस, आई," म्हणत व्हेल्मा केझायाच्या थडग्यावरचा पाला सारू लागली. शेजारी पाल्याखालून चार छोटे दगड निघाले. नखाने शेवाळ खरवडत तिने एकेक वाचला. लोविना, आठ महिने. लोविना, दोन वर्षं. लोविना, पाच महिने. लोविना, अकरा दिवस.

गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला द्यायची रीत होती तिकडे. केझायाने ती तीनदा पाळली आणि चौथ्यांदा, सिसच्या वेळी, मोडली.

ओर्फा काठी टाकून तिथेच ओल्या गवतात बसली.



मग केझायाच्या दगडावर हात ठेवून ती म्हणाली, "पणजी, तुझी सिस ब्याण्णव वर्षं जगली गं."