त्रेचाळीस महाराज

चऱ्होलीच्या रणजीतने कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, रॅम दुप्पट केली, तरी गेम अडखळतच होता. पाच वाजता त्याच्या चाकणच्या कंपनीतल्या टीमची ऑनलाइन फायनल होती, आणि पावणेपाच वाजले होते. त्याने केबल काढून पुन्हा लावल्या, ड्रायव्हर नव्याने टाकले, कार्डाला उदबत्तीही ओवाळली. शेवटी मागे काय चालू आहे ते पाहिलं, तर ब्राउझरमध्ये त्रेचाळीस कीर्तनं उघडी होती, सगळी मध्यावर थांबवलेली.

"आई, हे काय गं?"

"काय म्हंजी? नळाला पाणी आलं की महाराजांना थांबवून उठते मी," अंबुबाई कौतुकाने म्हणाल्या. "तू नवं सामान टाकल्यापासनं कितीबी महाराज बसत्यात त्यात!"

"अगं, त्यांच्यामुळंच माझा गेम अडकतोय. बंद करतो सगळी."

"हात लावू नको! कीर्तन अर्धवट सोडायचं नसतं."

"आई, पाचच मिनिटं राहिलीत!"

"रोज जेवायला हाक मारते, तवा तू काय म्हणतोस? 'चालू डाव मधी सोडता येत न्हाई.' तुझं ताट गार होतं, पर मी कधी तुझं बटण दाबलं का?"